गाडीत बसलंय कोण आणि चलन कुणाच्या नावावर

नामवंतांना वाहतुकीचे नियम वेगळे असतात का? मोटार वाहन कायदा, 1988 पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला तरी प्रसिद्धीमुळे सूट देणारं कलम सापडत नाही. दंड वसूल करताना हा कायदा प्रामुख्याने दोघांना ओळखतो, चालक आणि मालक. नामवंत माणूस पुष्कळदा यातला कुणीच नसतो. स्टिअरिंगवर ड्रायव्हर, आरसी बुकवर कंपनी आणि साहेब मागच्या सीटवर. खरी सवलत इथे मिळते.

सीटबेल्टचंच बघा. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा आहे. पण कलम 194बी नुसार बेल्ट न लावलेला प्रवासी नेल्याचा 1000 रुपये दंड चालकावर बसतो. हेल्मेटचंही तेच. मे 2023 मध्ये मुंबईत अनुष्का शर्मा दुचाकीवर मागे विनाहेल्मेट बसल्याचे फोटो सगळीकडे फिरले, आणि हेल्मेट व लायसन्सची कलमं मिळून 10,500 रुपयांचं चलन निघालं ते दुचाकी चालवणाऱ्याच्या नावावर. प्रसिद्धीमुळे कारवाई झाली हे खरं, पण तिची झळ भलत्यालाच बसली. शिवाय हेल्मेटच्या कलम 194डी मध्ये हजार रुपये दंडासोबत तीन महिन्यांसाठी लायसन्स जाण्याची तरतूद आहे. ज्याची रोजीरोटी लायसन्सवर चालते त्याच्यासाठी हजार रुपयांपेक्षा ती कितीतरी जड.

चौकातला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, चेहरा नाही. म्हणून ई-चलन मालकाच्या नावावर पडतं. मालक कंपनी असेल तर कंपनीचा अकाउंटंट ते भरून टाकतो, आणि ज्याने सिग्नल तोडला त्याच्या लायसन्सवर ओरखडाही उठत नाही. यावर कलम 133 आहे. गाडी कोण चालवत होतं, हे पोलीस मालकाला विचारू शकतात आणि मालकाला ते सांगावंच लागतं. कंपनीच्या गाडीवर वेगमर्यादेची चलनं साचत असतील तर हे कलम लावायलाच हवं.

कायद्याने दिलेल्या सवलती पदाला आहेत, नावाला नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर राष्ट्रपती, राज्यपाल, मुख्यमंत्री यांना टोल माफ आहे. परमवीरचक्र विजेत्यालाही ओळखपत्र दाखवल्यावर माफ आहे. सिनेनट किंवा क्रिकेटपटू यांना नाही. मंत्र्यांचा लाल दिवा 1 मे 2017 पासून गेला. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आरपार जायलाच हवा. उलट कायदा राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर कलम 210बी प्रमाणे त्याला दुप्पट दंड आहे.

अपघात झाला की मात्र सगळा खेळ किती वेळ गेला यावर ठरतो. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण 15 ते 20 मिलिग्रॅमने उतरतं आणि मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. धडकेच्या क्षणी 90 असलं तरी चार तासांनी काढलेलं रक्त मर्यादेच्या आत येतं. कुणी लाच द्यायचीही गरज नाही, नुसता उशीर पुरतो. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले. चालवणारा मुलगा प्रसिद्ध नव्हता, घर पैसेवालं होतं. त्याचं रक्त घेतलं सकाळी अकराच्या सुमारास, आणि तो नमुनाही बदलल्याचा पोलिसांचा आरोप आहे. नमुना दुसऱ्याचाच आहे, हे डीएनए तपासणीत उघड झालं.

म्हणून अशा प्रकरणात गेलेल्याच्या घरच्यांनी एफआयआरच्या प्रतीवर थांबू नये. वकिलामार्फत चालकाच्या मेडिकल तपासणीचे कागद मागावेत आणि पुढच्या गोष्टी तपासाव्यात. रक्त किती वाजता काढलं? सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने तर पुसली नाही ना? स्पिरिटमध्येही अल्कोहोल असतं, त्यामुळे तसं झालं असेल तर अहवालावर बचावाचा वकील बोट ठेवणारच. कुपीत सोडियम फ्लोराइड होतं का? ते नसेल तर साठवणीत नमुना आंबू शकतो आणि आकडा बदलू शकतो. सील कुणासमोर लागलं आणि कुपी प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचली? सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा लेखी अर्ज मात्र पहिल्याच दिवशी द्यावा, कारण दुकानांच्या रेकॉर्डरवर जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.