लिस्बन : न मागितलेला पाव आणि पावसातला उतार

लिस्बनला निघालेल्यांसाठी आधी जेवणाच्या टेबलाविषयी लिहितो, कारण अजून राग गेलेला नाही. हॉटेलात बसताक्षणी, मेनू हातात पडायच्या आत, पाव, लोणी, ऑलिव्ह आणि चीज समोर मांडतात. पाहुण्याचं स्वागत चाललंय असंच वाटतं. त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात आणि त्याचे पैसे लागतात, कुठे माणशी, कुठे वाटीमागे. पाण्याची बाटलीही तशीच.

रुआ ऑगुस्ता या रस्त्याजवळच्या एका ठिकाणी आमच्या बिलात हात न लावलेलं चीजही होतं. वेटर म्हणाला, इथली पद्धतच आहे. साफ खोटं. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या कुव्हेरचे पैसे घ्यायला पोर्तुगालच्या कायद्यानेच मनाई आहे. प्रत्येक हॉटेलात तक्रारवही ठेवणं सक्तीचं आहे, तिचं नाव ‘लिव्रू द रेक्लामासोंइश’. हे तीन शब्द पाठ करून जा. मी वही मागितली आणि चीज बिलातून गेलं.

मासा मात्र गेला नाही, आणि खरा फटका त्याचाच होता. बर्फावर मांडलेले मासे दाखवून ‘आजचा ताजा’ म्हणून एक निवडायला लावला. मेनूवरचा आकडा किलोचा होता, पूर्ण माशाचा नव्हे. आपल्याकडे भाव ठरल्याशिवाय कोळीण पापलेट पिशवीत टाकत नाही, तीच रीत इथेही ठेवा: मासा काट्यावर घालायला लावा, युरोचा आकडा कागदावर लिहून घ्या, मगच चुलीवर जाऊ द्या. रस्त्यात मेनू घेऊन हाका मारणारा माणूस उभा असेल तिथे बसूच नका.

खायचं कुठे? आतल्या गल्लीतल्या ‘टास्का’त, म्हणजे साध्या छोट्या खाणावळीत. दारावर कागदी मेजपोसाच्या तुकड्यावर हाताने लिहिलेला ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजचं ताट, दिसलं की आत शिरा. बटाटे आणि भरपूर ऑलिव्ह तेलातलं ऑक्टोपस असंच एका दुपारी मिळालं, सगळ्या प्रवासातलं सर्वांत चांगलं जेवण तेच. उभ्याउभ्या खायला ‘बिफाना’, मसाल्यात शिजवलेल्या डुकराच्या मांसाचा पाव. भाजलेल्या तारल्या उन्हाळ्यातच खाव्यात, जूनमध्ये संत अंतोनिओच्या सणाला गल्लोगल्ली शेगड्या पेटतात. हिवाळ्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका. शाकाहारींनी ‘काल्दु व्हेर्द’ या हिरव्या सुपात सॉसेजची चकती नको असं आधीच सांगावं. आणि कॅफेच्या काचेमागे ‘शामुसा’ दिसला तर तो आपला समोसाच, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने तिकडे पोचलेला. दुपारी तीननंतर बऱ्याच ठिकाणी चूल बंद होते ती सातपर्यंत, तेव्हा भूक लागण्याआधी जेवा.

आता अल्फामा, म्हणजे लिस्बनचा टेकडीवरचा जुना भाग. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात खालचा बाइशा भाग कोसळला आणि नंतर तेव्हाचा मंत्री मार्केश द पोंबालने तो सरळ रस्त्यांचा बांधला. अल्फामा बऱ्याच अंशी टिकला, म्हणून तिथे अजून जुन्या अरुंद गल्ल्या आणि पायऱ्या आहेत. नकाशावर अंतर चिमूटभर दिसतं, चढ दिसत नाही. पण चढाची तक्रार नाही, सह्याद्रीत फिरणाऱ्याला तो काहीच नाही. घात करते ती फरसबंदी. चुनखडीचे छोटे चौकोनी दगड लाखो पावलांनी काचेसारखे गुळगुळीत झालेत. पावसाची सर येऊन गेली आणि पोर्तास दु सोल या सज्जावरून नदीकडे उतरताना भिंत धरून एकेक पाऊल टाकावं लागलं. पुढे चाललेली एक बाई सपशेल आपटली. कोरड्या दिवशीच उतरा, पकड असलेले रबरी तळवे घाला. पाऊस असेल तर हा उतार सरळ टाळा.

किल्ल्याकडे चढायला फुकटची लिफ्ट आहे, कुणी सांगत नाही. रुआ दुश फांकेइरुशवरच्या इमारतीतून रुआ दा मादालेना, तिथून जरा पुढे शाँव दु लोरेरूची दुसरी लिफ्ट. बाइशातून वरच्या शियादू भागात चढायचं तर मेट्रो स्टेशनातले सरकते जिने वापरा, त्यांनाही तिकीट नाही.

28 नंबरची ट्राम सगळे डोक्यावर घेतात. भर दिवसा मार्तीं मोनीझला तिच्यासाठी रांग लावणं म्हणजे सकाळ वाया घालवणं. आत चेंगराचेंगरी आणि खिसेकापू. बसायचीच हौस असेल तर दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकला, सकाळी लवकर चढा. चालकाकडे तिकीट तीन युरोंच्या वर पडतं. मेट्रो स्टेशनवर अर्ध्या युरोत ‘नाव्हेगान्त’ कार्ड घेऊन पैसे भरलेत तर तोच प्रवास दोन युरोंच्या आत होतो.

शहराच्या पश्चिमेकडच्या बेलें भागातला दिवस निवांत गेला. जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर पाहिली, 1837 पासून चालणाऱ्या दुकानातले कस्टर्डचे टार्ट दालचिनी भुरभुरून गरम खाल्ले. बाहेरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत भरपूर खोल्या आहेत, सरळ जाऊन बसा. सोमवारी मात्र जाऊ नका, मठ बंद असतो.