तिसऱ्या दिवसाची स्लाईड

पावसाळा ओसरायला लागला की गोव्यात बांधकामावर गेलेली कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातली काही पोरं ताप घेऊन चोर्ला घाट चढून घरी येतात. स्लॅबवर साठवलेलं पाणी आणि उघड्या टाक्या, मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी डासाला एवढं पुरतं. या पोरांचं बोट टोचून रक्त काचेवर घेणं आणि ती स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे माझं काम.

त्यातल्या एकाने परवा विचारलं, "मॅडम, मागच्या बारीलाबी गोळ्या घेतल्या, तरी परत ताप आलाच की. औषध लागूच पडंना झालंय काय आता?"

प्रश्न रास्त होता. त्याच्या रक्ताच्या पातळ थरात तांबड्या पेशी फुगलेल्या दिसत होत्या आणि आत वेडावाकडा पसरलेला परजीवी. म्हणजे व्हायवॅक्स, मलेरियाच्या परजीवीची एक जात. हा यकृतात दडून बसतो. क्लोरोक्विन तीन दिवसांत रक्तातले परजीवी मारतं, यकृतातल्यांना हातही लावत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन, रोज, 14 दिवस. पण ताप उतरताच ठेकेदाराचा फोन आला, गडी कामावर गेला आणि गोळ्या घरीच राहिल्या. कदाचित नवा डासही चावला असेल. याला प्रतिरोध म्हणायची घाई मला पटत नाही. तसं म्हटलं की लोक सरकारी गोळ्या टाकून देतात आणि सलाईन लावून घ्यायला पळतात.

खरी धास्ती आहे ती फाल्सिपॅरम या दुसऱ्या जातीची. तिथे पेशी फुगत नाही. आत नाजूक अंगठ्या दिसतात, कधी एकाच पेशीत दोन. त्याने क्लोरोक्विनला दाद न देणं 1950च्या दशकाच्या शेवटी थायलंड-कंबोडियाकडे सुरू झालं, भारतात 1973 साली आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये सापडलं. पुढे आर्टेमिसिनिनची औषधं आली. ती झपाट्याने काम करतात, पण शरीरात फार टिकत नाहीत, म्हणून सोबत दुसरं औषध लागतं. आपल्याकडे आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात. ईशान्येत हे दुसरं औषध कमी पडायला लागलं, तेव्हा 2013 मध्ये तिथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन आणलं. आर्टेमिसिनिनला उशिरा दबणाऱ्या परजीवींच्या केल्च-13 जनुकात बदल असतात, हे 2014 साली कंबोडियातल्या नमुन्यांवरून समोर आलं. आता रवांडा आणि युगांडातही तसे परजीवी आहेत.

हे कळतं कसं? रुग्णाला औषध डोळ्यांसमोर द्यायचं आणि महिनाभर ठरलेल्या दिवशी त्याची स्लाईड करत राहायची: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. तिसऱ्या दिवशीही परजीवी दिसले तर कान टवकारायचे. पुढे कधी परत दिसले, तर हे जुनेच की नव्या डासाचे, ते पीसीआरने जनुकं जुळवून ठरवतात. त्यासाठी औषधाच्या आधीचा रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर हवा. आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात तो थेंब वाळता वाळत नाही. पंख्याखाली धरायचा, गडद तपकिरी झाला की सिलिका जेलच्या पुडीबरोबर पिशवीत बंद करायचा. तो ओला राहिला तर महिनाभराची मेहनत वाया.

आणि एवढं करून सातव्या दिवशी माणूसच गोव्याला! ताप गेलेल्या माणसाने रोजगार बुडवून सुई टोचून घ्यायला यावं, ही अपेक्षा आपण बिनदिक्कत करतो. त्या दिवसाची मजुरी कोणीतरी द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

त्या पोराच्या पाकिटावर मी मराठीत मोठ्या अक्षरांत चौदा तारखा लिहून दिल्या, कारण छापील कागद कन्नडमध्ये असतो आणि त्याला ते वाचता येत नाही. स्लाईड गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रातही करता येईल, हेही लिहिलं. खाली लाल पेनाने: लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जा. जी-6-पीडी हे तांबड्या पेशींतलं एन्झाइम कमी असलेल्यांना प्रायमाक्विन बाधतं. आशाताई रोज रात्री त्याला फोन करते.