गार फरशी

थंडीतल्या सकाळी चपला सापडेपर्यंत मी घरभर टाचांवर चालतो आणि हटकून चेडवर्थचा वाडा आठवतो. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरच्या झाडीत दडलेला हा रोमन काळातला वाडा. १८६४ साली तिथल्या शिकारराख्याचं सशांमागे सोडलेलं फेरेट (मुंगसासारखं पाळीव जनावर) हरवलं, ते शोधायला खणताना रंगीत खड्यांची फरशी लागली, अशी गोष्ट सांगतात. फेरेट सापडलं का, ते कोणी सांगत नाही.

जेवणघराच्या फरशीवर चार ऋतू होते. पानगळीचा ऋतू स्वतःच गळून गेलाय. उन्हाळा म्हणजे पंख फुटलेलं उघडंवाघडं बाळ. हिवाळ्याच्या मात्र डोक्यावरून ओढलेला जाड झगा, एका हातात ससा, दुसऱ्या हातात पानं झडलेली फांदी. हा झगा बहुधा ‘बिरस ब्रिटानिकस’, म्हणजे ब्रिटनचा टोपीवाला झगा. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात त्याची कमाल किंमत ६,००० दिनार लिहिली आहे, आणि शेतमजुराची दिवसाची मजुरी जेवण देऊन वर २५. म्हणजे आठ महिने राबा, तेव्हा कुठे अंगाला ऊब.

पायांच्या उबेची सोय वेगळी. फरशी बुटक्या खांबांवर उचललेली, बाहेर भट्टी. गरम हवा फरशीखालून फिरायची आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर जायची. आत मंडळी लोडाला टेकून जेवत असताना बाहेर भट्टीत लाकडं सारणाऱ्याचं तोंड भाजत असेल आणि पाठ गारठत असेल. त्याच्या अंगावर तो झगा नव्हता, एवढं मी पैजेवर सांगतो.

पण मला खरी भावते ती दुसऱ्याच खोलीतली फरशी. तिथल्या एका भिंतीच्या पायात सापडलेला कोळसा आणि हाड तपासलं, तर भिंत ४२४ नंतरची निघाली. २०२० साली हे जाहीर झालं. फरशी त्या भिंतीच्या मापाची, म्हणजे तिच्याही नंतरची. ब्रिटनमधली रोमन सत्ता ४१० च्या सुमारासच संपली होती. शहरं ओस पडत चाललेली, आणि इकडे कोणीतरी घरात फरशीचं काम काढलेलं!

काम जुन्या फरश्यांइतकं सफाईदार नाही, चुकाही बऱ्याच आहेत. मला तर तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसतो. नक्षी हुकलीय, मालक वाकून बघतोय, आणि कारागीर हात झटकत म्हणतोय, “काही दिसणार नाही मालक, वर बाज येणारच आहे की!”