चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी

आज मित्राच्या मासिक श्राद्धाहून निघताना वहिनींनी त्याची चष्म्याची डबी माझ्या हातात ठेवली. आतल्या घडी घातलेल्या चिठ्ठीवर त्याच्या तिरप्या अक्षरात लिहिले होते, ‘चष्मा नाकावरच आहे. हिला विचारू नये, ती दमली आहे.’

अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला, लवकर इजा होते, त्यामुळे सकाळचे जेवण पुसले जाते आणि बालपण मात्र बराच काळ टिकते, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावले होते. शेवटी तो माझे नावही विसरला, तरी मी गेलो की खुर्ची पुढे सरकवून म्हणे, ‘बसा, चहा झाला की ओळख काढू.’ चाळीस वर्षांच्या अरे-तुरेनंतरचे ते ‘बसा’ मला फार लागत असे.

चिठ्ठीवर तारीख नाही. काय काय निसटत चालले आहे, हे किती उमगलेले असताना त्याने ती लिहिली असेल?