औवरकेर्कचे भगदाड

रॉटरडॅममध्ये राहून मी महाराष्ट्रातून येणाऱ्या गटांना नेदरलँड्स दाखवण्याचे काम करतो. पवनचक्क्या, ट्यूलिपच्या बागा आणि चीज हा या कामातला नेहमीचा रतीब. पण त्या दिवशी माझ्याबरोबर पुण्याचे काही निवृत्त पाटबंधारे अभियंते सहकुटुंब होते, म्हणून बस मी झेलंड प्रांतातील औवरकेर्क या गावाकडे नेली. गाव इतके लहान की एका काकूंनी "इथे बघायचं तरी काय?" असे विचारले. बघण्याजोगे जे आहे ते गावाबाहेर, समुद्राच्या बांधाला लागून आहे: काँक्रीटच्या चार अजस्र पोकळ पेट्या, प्रत्येक सुमारे 60 मीटर लांब आणि 18 मीटर उंच.

31 जानेवारी 1953 च्या रात्री पौर्णिमेनंतरचे उधाण आणि वायव्येचे वादळ एकाच वेळी आले, झेलंडचे बांध ठिकठिकाणी फुटले आणि देशभरात 1836 माणसे गेली. त्यांतली पाचशेहून अधिक औवरकेर्क ज्या बेटावर आहे, त्या एका बेटावरची होती. रेडिओचे प्रसारण रात्री बंद असे, त्यामुळे इशारा बहुतेकांपर्यंत पोहोचलाच नाही. बाकीची भगदाडे एकेक करून बुजली, पण औवरकेर्कचे बुजायला नोव्हेंबर उजाडला.

"एका भगदाडाला नऊ महिने?" गटातले सर्वांत वडीलधारे काका थांबले. ते लहानपणी पुण्यात होते आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्यावर आलेला पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पानशेत रिकामे झाले आणि पूर ओसरला, इथे मात्र समुद्र रिकामा होत नाही, दिवसातून दोनदा भरती आत शिरते, दोनदा ओहोटी बाहेर पडते आणि प्रत्येक फेरीत तळ आणखी खरवडून निघतो, हे सांगताच त्यांनी स्वतःच पुढचे वाक्य पूर्ण केले: "म्हणजे दगडमाती टाकून उपयोग नाही, एका झटक्यात बंद करायला हवं." म्हणूनच या पेट्या आणल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील तात्पुरत्या बंदरांसाठी ब्रिटिशांनी ज्या बनावटीच्या पेट्या घडवल्या, त्याच बनावटीच्या या. प्रवाह वळताना पाणी थोडा वेळ संथ होते. तेवढ्यात टग बोटींनी पेटी जागेवर आणायची, झडपा उघडून आत पाणी घ्यायचे आणि ती तळावर बसवायची. शेवटची पेटी 6 आणि 7 नोव्हेंबरच्या मधल्या रात्री बसली. धरणावर हयात घालवलेल्या मंडळींना काँक्रीटपेक्षा त्या थोड्या वेळाचेच अप्रूप अधिक वाटले, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

2001 मध्ये यांतल्या एका पेटीत पुराचे संग्रहालय सुरू झाले. 2009 पासून ते चारही पेट्यांत आहे. आत एका अंधाऱ्या दालनात वाळूवर मृतांची नावे उमटत राहतात. अधिकृत 1835 मध्ये मागाहून मिळवलेला एक जीव त्याच रात्री जन्मून बुडालेल्या बाळाचा आहे. प्रश्न विचारणाऱ्या काकू तिथून बराच वेळ हलल्या नाहीत, आणि मीही जेवणाच्या वेळेची आठवण करून दिली नाही. (वेळापत्रक आखणाऱ्यांना हे कळणे अवघड आहे.)

तिथून ओस्टरस्खेल्ड खाडीच्या मुखावर वादळी भरती अडवणाऱ्या बांधावर गेलो. आधी ही खाडी कायमची बुजवायचे ठरले होते, पण कोळ्यांच्या आणि पर्यावरणप्रेमींच्या विरोधामुळे उचलते दरवाजे आले. 1986 मध्ये उद्घाटन झालेल्या या बांधाला असे 62 दरवाजे आहेत, आणि समुद्र नेहमीच्या पातळीहून 3 मीटर चढण्याचा अंदाज असला तरच ते पाडतात. काकांना यंत्रणेपेक्षा खर्चाची चिंता अधिक होती. बांधांच्या रोजच्या देखभालीसाठी इथे स्वतंत्र जलमंडळे आहेत, त्यांच्या निवडणुका होतात आणि त्यांचा कर नागरिक वेगळा भरतात, हे ऐकल्यावर बसमध्ये पुण्याच्या पूररेषेवरून जो वाद पेटला, तो रॉटरडॅम येईपर्यंत मिटला नाही.