थांबण्याचे तास

चार्टर विमानावर, म्हणजे भाड्याने दिल्या जाणाऱ्या खासगी विमानावर, नोकरी करतो असे सांगितले की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो: विमानातून कोणाकोणाला नेले, आणि पगार किती मिळतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. दुसऱ्याचे द्यायला हरकत नाही, पण ते एका आकड्यात मावत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

सहवैमानिक म्हणून रुजू झालो तेव्हा मला महिन्याला ऐंशी हजार रुपये मिळत. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तासांचे उड्डाण आणि त्यानंतर त्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग (ते विमान चालवण्याची वेगळी पात्रता), या दोन्हींसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता गेला की हातात जे उरे त्यात मुंबईत एकट्याने घर भाड्याने घेणे शक्य नव्हते, त्यामुळे आम्ही तीन सहवैमानिक कलिन्यातील एका खोलीत राहत होतो. आज कॅप्टन म्हणून माझा पगार चांगला आहे आणि त्या रकमेबद्दल माझी तक्रार नाही. तो पगार कोणत्या कामाचा समजला जातो, याबद्दल आहे.

प्रवासी विमान कंपनीत महिन्याचे रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, आधी हाती येते, ठरावीक तासांच्या उड्डाणाचे पैसे हमखास मिळतात आणि त्यापुढे ताशी भत्ता असतो. आमच्याकडे रोस्टर नसते, फोन असतो. प्रवासी कंपनीतील वैमानिकाला वर्षाला हजार तासांपर्यंत उडता येते. माझे गेल्या वर्षी ३२० तास झाले. हे आकडे शेजारी ठेवून 'मग तुमचे आयुष्य आरामाचे' असे नातेवाईकही म्हणतात. लॉगबुकात फक्त विमान चालते तेवढा वेळ लिहिला जातो, त्यामुळे उरलेला दिवस कुठे गेला हे त्यांना दिसण्याचा मार्गच नाही.

तो दिवस कसा जातो, याचे एक उदाहरण देतो. मे २०२४, लोकसभेच्या प्रचाराचे दिवस. पहाटे सव्वापाचला मी आणि माझा सहवैमानिक मुंबई विमानतळावर हजर झालो आणि सहाला निघून सातच्या आत मराठवाड्यातील एका छोट्या धावपट्टीवर उतरलो. साहेब 'अकराला परत' असे सांगून मोटारीने गेले. अकराचे दोन झाले, दोनाचे पाच. एक खोली, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा आणि एक रखवालदार एवढीच तिथली सोय. इंजिनांवर आच्छादने चढवून आणि कॉकपिटच्या काचांना चंदेरी पडदे लावून सहवैमानिक विमानाच्या पंखाच्या सावलीत बसला. सावली सरकेल तसा तोही सरकत होता. पाहुण्यांसाठी आणलेल्या बर्फाचे दहाच्या आत पाणी झाले. तो बर्फ आणणे, सामान चढवणे, उतरल्यावर केबिन झाडून घेणे हेही त्याचेच काम, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. मीही ते केले आहे.

खरी अडचण संध्याकाळी आली. त्या धावपट्टीवर रात्रीच्या दिव्यांची सोय नव्हती आणि सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होता. इकडे मुंबईत फेब्रुवारी २०२४ पासून संध्याकाळी ५ ते ८ आणि पुन्हा रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा खासगी विमानांना बंदी होती. म्हणजे पावणेसातच्या आत निघायचे, पण आठच्या आधी पोहोचायचे नाही. साडेसहाला साहेबांच्या स्वीय सहायकांचा फोन आला, "कॅप्टनसाहेब, दहा मिनिटं इकडेतिकडे होतील, जरा अ‍ॅडजस्ट करा." मी नाही म्हटले. सूर्यास्तानंतर मी त्या धावपट्टीवरून उडणार नव्हतो. साहेब वेळेत आले, आम्ही छत्रपती संभाजीनगरला उतरून थांबलो आणि नऊला मुंबईत टेकलो. विमान बंद करून कागदपत्रे पुरी होईपर्यंत सव्वानऊ वाजले. म्हणजे हजेरीपासून सोळा तास, आणि त्यातले उड्डाण जेमतेम दोन-अडीच तासांचे.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून दोन निरोप आले. पहिला, ग्राहक नाराज आहे. दुसरा, ड्यूटीच्या नोंदीवर सही करा. वैमानिकाच्या ड्यूटीच्या तासांना मर्यादा असते; मधली विश्रांती पुरेशी लांब असेल आणि आडवे होण्याजोगी जागा मिळाली असेल, तर त्या वेळेच्या अर्ध्याइतकी ड्यूटीची मर्यादा वाढवता येते. तिला स्प्लिट ड्यूटी म्हणतात. नोंदीत त्या चार खुर्च्यांच्या खोलीचे 'विश्रामगृह' झाले होते. मी सही केली. ती करायला नको होती, हे मला तेव्हाही कळत होते.

मग केली का? याचे उत्तर पगाराच्या कागदात आहे. आमच्यापैकी अनेकांची नेमणूक कर्मचारी म्हणून नसते, 'सल्लागार' म्हणून असते. पगाराऐवजी व्यावसायिक शुल्क, त्यातून दहा टक्के कर कापलेला. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि वैद्यकीय तपासणीत परवाना गेला तर विम्याचा हप्ता आपण स्वतः भरला असेल तेवढाच आधार. २०२० च्या मार्चअखेर विमाने जमिनीवर आली तेव्हा त्या वेळच्या आमच्या कंपनीने दोन महिने एक रुपयाही दिला नाही, आणि करारानुसार ते बरोबरही होते. ज्याचे पुढच्या महिन्याचे पैसे एका ग्राहकाच्या नाराजीवर अवलंबून आहेत, त्याने सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी 'नाही' म्हणावे ही अपेक्षा आपण करतो, ती करायलाच हवी. पण ते म्हणण्याची किंमत त्याने एकट्याने का मोजावी? म्हणूनच पगाराचा प्रश्न आणि सुरक्षिततेचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मला वाटत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानांची शेकड्यांनी उड्डाणे रद्द झाली आणि वैमानिकाची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास का केली, हे घरोघरी बोलले गेले. त्या चर्चेत आमच्यासारख्यांचा उल्लेख मला कुठे आढळला नाही.

मी कंपनीकडे लेखी तीन गोष्टी मागितल्या: थांबण्याचे तास ड्यूटी म्हणून मोजून त्यांचा भत्ता द्यावा, परगावी चार तासांहून अधिक थांबायचे असेल तर हॉटेलची खोली घ्यावी, आणि सहवैमानिकांना सल्लागार न ठेवता नोकरीत घ्यावे. पहिल्या आणि तिसऱ्या मागणीवर 'विचार चालू आहे'. दुसरी मान्य झाली. मागच्या आठवड्यात नांदेडला सहा तास थांबायचे होते, तेव्हा ड्यूटीच्या नोंदीला पहिल्यांदा हॉटेलची खरी पावती जोडली. सहवैमानिक तिथे साडेतीन तास गाढ झोपला. चहा सांगून मीच त्याला उठवले.