काका, कोण गयुं?

मी बडोद्यात दांडिया बाजारात फ्लेक्स-पोस्टरचं डिझाईनिंग करते. गणपतीच्या आधी आमच्याकडे नुसती धावपळ, मंडळांचे बॅनर, आरतीची पत्रकं, आणि त्यातच रावपुऱ्यातले एक काका आले, घरगुती फराळाचं दुकान आहे त्यांचं, म्हणाले मोदकांच्या ऑर्डरी घ्यायच्यात, सहा बाय तीनचा फ्लेक्स करून दे.

मजकूर वहीच्या पानावर पाठपोट लिहून आणलेला. उकडीचे मोदक, पुरणपोळी, अनारसे, चकली, भाजणी, शुद्ध तुपातील, घरपोच, जीएसटी नंबर, आणि अर्थातच 'आमची कुठेही शाखा नाही'. शिवाय वर कोपऱ्यात वडिलांचा फोटो, कारण धंदा त्यांनी सुरू केलेला. मी म्हटलं अहो काका, एवढं वाचणार कोण, तर म्हणे "अगं, पैसे अख्ख्या फ्लेक्सचे देतोय ना, मग जागा मोकळी का सोडायची?"

वाद न घालता सांगितलं तसं कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलं, ए-थ्रीच्या ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट काढून टेपने जोडल्या आणि दुपारी दुकान बंद असताना खऱ्या साइजमध्ये शटरवर चिकटवल्या (स्क्रीनवर काय, सगळंच छान दिसतं). मग काकांना घेऊन समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. आमच्यात ढोबळ हिशोब असतो, दहा फुटांना एक इंच अक्षर, म्हणजे चाळीस फुटांवरून चार इंच तरी हवं, आणि इथे चकलीच्या वाट्याला जेमतेम इंचभर आलेलं. त्यात फॉन्ट बारीक, लांबून नुसती शिरोरेघ दिसते, मात्रा-अनुस्वार गायब. काका डोळे बारीक करून स्वतःचाच फोन नंबर शोधत होते.

तेवढ्यात एक रिक्षावाला थांबला. बंद शटर, त्यावर हार घातलेला फोटो, खाली बारीक मजकूर. हळूच काकांनाच विचारतो, "काका, कोण गयुं?"

"अरे कोई नथी गयुं, मोदक छे मोदक!" काका असे ओरडले की पलीकडचा चहावाला पण बघायला लागला. मी कसंबसं हसू दाबलं.

मग सगळं भराभर झालं. पिवळ्यावर काळं, 'उकडीचे मोदक' एवढंच मोठं, खाली तेच गुजरातीत कारण निम्मं गिऱ्हाईक गुजराती, मग 'ऑर्डर चालू' आणि नंबर. गुजरातीला शिरोरेघ नाही, त्यामुळे शेजारी ती लहान वाटते, साइज डोळ्यांनीच जुळवावी लागली. फोटो काकूंच्या मोदकाचा, खिडकीच्या उजेडात मोबाईलवर काढलेला, नेटवरचे मोदक सगळे साच्यातले असतात, हातच्या कळ्या लगेच ओळखू येतात. वडील गल्ल्याच्या वर गेले. 'शाखा नाही' मात्र खाली बारीक राहिलंच, त्यावर काका हटेनात, आणि खरं सांगायचं तर मलाही ते काढवेना.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकांचा फोन, 'ऑर्डर बंद'ची पट्टी पाहिजे, आत्ताच्या आत्ता. फ्लेक्समुळे की काकूंच्या हातामुळे, देव जाणे. वर विचारतात, "दोनच तर शब्द आहेत, त्याचे पण पैसे घेणार का गं?"